आखाड्यापासून धावमार्गापर्यंत : श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावती

कोणत्याही क्रीडासंस्थेची स्मरणिका उघडली, की आरंभी अध्यक्षांची तसबीर, तदनंतर मान्यवरांचे शुभसंदेश आणि त्यापाठोपाठ पदकविजेत्यांची यादी, असा एक शिरस्ता आपल्याकडे रूढ होऊन गेला आहे. आणि यादी जितकी लांब तितकी संस्था थोर, असा हिशेब वाचकही मनाशी मांडून मोकळा होतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा इतिहास लिहू जाता हा हिशेब कामी येत नाही. राष्ट्रीय मैदानी स्पर्धांतील, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी यांतील, विजेत्यांची नामावळी चाळली, तर पंजाब, केरळ, मुंबई आणि सैन्यदले यांची नावे जेथे दाटीवाटीने बसलेली आढळतात, तेथे वऱ्हाडातील गावाचे नाव विरळाच दृष्टीस पडते. परंतु गावोगावच्या शाळांतील मुलांना पटांगणावर पहिली रेघ कोणी आखून दिली, गोळा मानेशी कसा टेकवावा आणि धावण्याच्या आरंभी भुईवर बोटे कशी ठेवावीत हे प्रथम कोणी दाखविले, असा प्रश्न ज्या क्षणी विचारला जाईल, त्या क्षणी अमरावतीचे दप्तर सोडावे लागेल. आणि प्रस्तुत लेखाचा विषय पदकांच्या यादीहून अधिक त्या दप्तराचा आहे.

१९१४ हे मंडळाच्या स्थापनेचे वर्ष. त्या वर्षाच्या जून महिन्यात लोकमान्य टिळक मंडालेच्या कारावासातून सुटून परत आले होते आणि दोनच महिन्यांनी युरोपात महायुद्धाचा भडका उडाला. वऱ्हाडची राजकीय अवस्था तर मोठी चमत्कारिक होती: मुलूख नावाने निजामाचा, अंमल इंग्रजांचा, आणि १९०२ च्या करारान्वये दरसाल २५ लक्ष रुपयांच्या कायम पट्ट्यावर घेतलेला तो प्रदेश मध्यप्रांतास जोडून कारभार नागपुराहून चाललेला. अशा या दुहेरी धन्याच्या मुलखात अमरावती हे कापसाच्या पैशाने आणि वकिलांच्या बुद्धीने चालणारे शहर होते. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरून गेले होते. दादासाहेब खापर्ड्यांचा वाडा हे राजकारणाचे ठाणे होते. जुन्या परकोटाच्या आतील पेठांतून तालमी होत्या, नागपंचमीला कुस्त्यांच्या दंगली होत होत्या, आणि अंबादेवीच्या यात्रेत लाठीकाठीचे हात दाखविणारी मंडळीही होती. व्यायामाचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो व्यायामास एक व्यवस्था देणाऱ्या, पेठेपेठेचे आणि उस्तादा-उस्तादांचे हेवेदावे ओलांडून त्यास सार्वजनिक शिक्षणाचे रूप देणाऱ्या दृष्टीचा. ती दृष्टी अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी पुरविली.

वैद्य बंधूंनी काढलेला आखाडा आरंभी इतर आखाड्यांसारखाच होता: हौद्यातील तांबडी माती, मलखांब, मारुतीची मूर्ती, जोर आणि बैठका. त्याचे वेगळेपण प्रकट होऊ लागले ते पुढे, जेव्हा संस्थेने स्वतःच्या नावात ‘प्रसारक’ हे पद घातले आणि त्या पदाचा अर्थ गंभीरपणे घेतला. तालमीतील विद्या परंपरेने गुरूच्या मर्जीवर चालते. उस्ताद प्रसन्न झाला तर डाव शिकवील, न झाला तर शेवटचा डाव आपल्याजवळ ठेवूनच डोळे मिटील. मंडळाने या पद्धतीस रजा दिली आणि त्याऐवजी अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा व प्रमाणपत्र ही व्यवस्था आणली. उन्हाळ्याच्या सुटीत, जेव्हा शाळा बंद असतात आणि शिक्षक मोकळे असतात, तेव्हा त्यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरविण्याची तजवीज करण्यात आली. वऱ्हाडचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे, त्यास या निर्णयातील धाडस सांगावे लागणार नाही. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पहाटेचे दोन प्रहर आणि मावळतीनंतरचा काळ एवढाच व्यायामास उरतो. मधली वेळ शरीरशास्त्र, आहार आणि खेळांचे नियम यांच्या व्याख्यानांसाठी सावलीत काढावयाची. हा उन्हाळी वर्ग म्हणजेच मंडळाच्या पुढील सर्व विस्ताराचे बीज होय.

या वर्गांस येणाऱ्यांत सर्वच जण शिक्षकाच्या नोकरीची आकांक्षा धरून येत नसत. शारीरिक शिक्षणासाठी अमरावतीस येऊन राहिलेल्या तरुणांत शिवराम हरी राजगुरू हे एक होते. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह जे फासावर गेले, तेच हे राजगुरू. पुढे कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसविणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचाही या आखाड्याशी निकटचा संबंध होता. एकाच मातीत अंग घुसळून एकाने पिस्तूल हाती घ्यावे आणि दुसऱ्याने वाळीत टाकलेल्या रोग्यांच्या जखमा धुवाव्यात, यातील संगती-विसंगतीचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय होईल. येथे एवढेच नमूद करावयाचे की, त्या काळी व्यायामसंस्था आणि राष्ट्रकार्य यांच्यामध्ये भिंत नव्हती, आणि सरकारचे अंमलदार हे पूर्णपणे जाणून होते.

अमरावतीत हे चालले असता पुण्यात दुसराच एक प्रवाह उगम पावत होता. डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या मैदानी शर्यतींस सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित होते, आणि अनवाणी धावणारे खेड्यांतील तरुण पाश्चात्य धावपटूंच्या वेळांच्या जवळपास येत आहेत, हे पाहून हिंदुस्थानाने ऑलिंपिकमध्ये उतरावे ही कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली. त्या कल्पनेचे फळ म्हणून १९२० साली अँटवर्पला सहा जणांचे पथक रवाना झाले. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, ज्यांनी त्या वर्षीची ४२ किलोमीटर ७५० मीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला; सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू होते; बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते; आणि नवले व शिंदे हे दोन मल्ल होते. सहांपैकी बहुतेक मंडळी मराठी मुलखातील, ही गोष्ट आज पदकांची यादी वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, दोन-दोन वर्षांनी अखिल भारतीय क्रीडामेळे भरू लागले, आणि १९४६ साली मैदानी खेळांसाठी स्वतंत्र हौशी महासंघ निर्माण होऊन राष्ट्रीय अजिंक्यपदास एक निश्चित कायदेशीर धनी मिळाला.

शारीरिक शिक्षणाच्या शास्त्रात अँटवर्पच्या पथकाच्याच सुमारास मद्रासेचे नाव गाजू लागले होते. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी वायएमसीएच्या वतीने १९२० साली तेथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या हिंदी पथकाबरोबर तेच होते. मद्रासेची पद्धती पाश्चात्य खेळांची, मोजमापांची, घड्याळाची. अमरावतीची पद्धती देशी, मातीची, दमसासाची. या दोहोंमध्ये त्या काळी जो वाद झडला, तो आज वाचताना पुष्कळसा निष्फळ वाटतो. शंभर यार्डांची शर्यत विलायती म्हणून त्याज्य, आणि दांडपट्टा देशी म्हणून पूज्य, असे म्हणणारे वऱ्हाडात होते. तसेच जोर-बैठकांनी स्नायू जड होतात आणि धावणारा मंदावतो, असे पुस्तकी प्रमेय सांगणारेही होते. मंडळाने या वादात एका बाजूची तलवार उपसली नाही. आपल्या वर्गांत त्याने लाठी, लेझीम, मलखांब, कुस्ती, हुतूतू आणि आट्यापाट्या ठेवल्या, आणि त्यांच्याच शेजारी कवायत, सांघिक खेळ व मैदानी शर्यती यांनाही जागा दिली. हा समन्वय तत्त्वज्ञानातून आला की खेडोपाडीच्या शाळांच्या गरजेतून, हे सांगणे कठीण आहे. माझ्या मते गरजेतून. जिल्हा कौन्सिलच्या शाळेतील ड्रिल मास्तरास तपासणीच्या दिवशी साहेबापुढे कवायत दाखवावी लागे आणि संमेलनाच्या दिवशी गावापुढे लेझीम. ज्याला दोन्ही येतात, त्याचीच नोकरी टिकणार.

मंडळाच्या इतिहासातील सर्वाधिक सांगितले गेलेले आणि, म्हणूनच, सर्वाधिक सैलपणे सांगितले गेलेले प्रकरण म्हणजे १९३६ चे बर्लिन. ‘कबड्डी ऑलिंपिकमध्ये खेळली गेली’ असे वाक्य पुष्कळ पुस्तकांतून आढळते. वस्तुस्थिती अशी की, त्या ऑलिंपिकच्या अधिकृत कार्यक्रमात प्रात्यक्षिक म्हणून स्वीकारलेले खेळ बेसबॉल आणि विनाइंजिन विमानांचे उड्डाण हे होते. हुतूतू, म्हणजेच कबड्डी, त्यांत नव्हता. मात्र ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये निरनिराळ्या राष्ट्रांतील शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांचा व विद्यार्थ्यांचा जो मोठा मेळावा भरला होता, त्यात अमरावतीच्या मंडळाचे पथक गेले, आणि हुतूतू, मलखांब व इतर देशी व्यायामप्रकार त्याने जगाच्या प्रतिनिधींपुढे करून दाखविले. परतंत्र देशाच्या एका जिल्ह्याच्या गावातील व्यायामशाळेने, कोण्या संस्थानिकाची पालखी न वाहता, आपल्या बळावर एवढी मजल मारावी, हे यश अधिकृत प्रात्यक्षिकाच्या बिरुदावाचूनही पुरेसे मोठे आहे. ते वाढवून सांगण्याची गरज नाही.

या प्रकरणात जर्मनीच्या तत्कालीन सत्ताधीशाने केलेल्या कौतुकाची गोष्टही आवर्जून सांगितली जाते. गोष्ट सांगणाऱ्यांचा हेतू शुद्ध असेल, परंतु त्या प्रशस्तिपत्राने मंडळाच्या गौरवात भर पडते असे मला वाटत नाही. त्याच ऑगस्टच्या पंधरवड्यात, त्याच शहरात, जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय धावपटूने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि सांघिक शर्यत अशी चार सुवर्णपदके जिंकून वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताची जी वाट लावली, आणि १५ तारखेस ध्यानचंदांच्या संघाने यजमान जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा जो पराभव केला, त्या घटनांच्या सान्निध्यात आपली मुले होती, हा योग मला त्या कौतुकाहून कितीतरी अधिक स्पृहणीय वाटतो. मलखांबावर उलटे लटकणाऱ्या वऱ्हाडी मुलांनी जगातील सर्वोत्तम धावमार्ग तेव्हा पाहिला. परत आल्यावर अमरावतीच्या मैदानाकडे ते कोणत्या नजरेने पाहू लागले असतील, याची कल्पना करता येते.

युद्धोत्तर काळात, स्वातंत्र्यानंतर, मंडळाचे पथक १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाडला गेले. पेर हेन्रिक लिंग हा स्वीडनचा व्यायामाचार्य १८३९ साली वारला. त्याच्या मृत्यूस शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९३९ साली पहिला आणि दहा वर्षांनी दुसरा असा व्यायामाचा जागतिक मेळा तेथे भरला होता. येथे पदके नव्हती, क्रमांक नव्हते. होती ती केवळ प्रात्यक्षिके. मंडळाच्या स्वभावाशी हे जुळणारे होते.

आता मैदानाकडे वळू. कारण धावण्याच्या खेळाचा इतिहास अखेर जमिनीचा इतिहास असतो, आणि वऱ्हाडची जमीन या खेळास अनुकूल नाही. कापसाला जी काळी माती अमृतासारखी आहे, तीच धावणाऱ्याच्या पायाला वैरीण होते. पावसाळ्यात ती फुगते, चिकटते, पाऊल घोट्यापर्यंत ओढून धरते. उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात आणि त्यांत टाच अडकून पाय मुरगळण्यास एक उडीही पुरते. म्हणून येथे धावमार्ग करावयाचा, म्हणजे प्रथम काळी माती उकरून काढावयाची, त्या जागी मुरूम आणून पसरावयाचा, पाणी मारून रोलर फिरवावयाचा, वरून बारीक चाळलेल्या मातीचा थर द्यावयाचा, आणि मग दर वर्षी दिवाळीनंतर, पाऊस ओसरल्यावर, हाच सर्व व्याप पुन्हा आरंभावयाचा. एवढे करून फक्कीने रेघा मारल्या, की दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याने किंवा गुरांच्या खुरांनी त्या पुसट होणार, हे ठरलेलेच.

या मैदानावर रेघ मारणे ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही, आणि मंडळाच्या प्रशिक्षणवर्गांचे खरे मोल मला येथे दिसते. ४०० मीटरांचा धावमार्ग म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे. परंतु ही लांबी आतील कडेवर मोजावयाची नसते. आतल्या उंच कडेपासून ३० सेंटिमीटर अंतरावरून धावणारा जातो असे गृहीत धरून पहिल्या लेनचे माप घ्यावयाचे, आणि बाहेरील लेनमध्ये, जेथे नुसती रेघ असते, तेथे २० सेंटिमीटर धरावयाचे. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, म्हणून बाहेरील लेनच्या वळणाची लांबी अधिक, आणि ती भरून काढण्यास त्या खेळाडूस आरंभी तितके पुढे उभे करावयाचे. हे गणित ज्यास येत नाही, त्याच्या मैदानावर आठव्या लेनमधील मुलगा नेहमीच हरतो आणि त्याचा दोष बिचाऱ्याच्या पायांवर येतो. गोळाफेकीचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, भाला ८०० ग्रॅमचा, मागून वाहणारा वारा सेकंदास दोन मीटरांहून अधिक असेल, तर शर्यत खरी पण विक्रम खोटा. हे नियम पाठ असलेला, दोरी आणि खुंटी घेऊन एकट्याने मैदान आखू शकणारा शिक्षक तालुक्याच्या शाळेत असणे, हीच कोणत्याही राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली पायरी होय. अमरावतीने असे शिक्षक तयार केले. अकोला, बुलढाणा, यवतमाळ या शेजारच्या जिल्ह्यांनाच नव्हे, दूरच्या प्रांतांनाही दिले.

राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू उतरतो तो आपल्या प्रांताच्या नावाने, आणि वऱ्हाडी खेळाडूचा प्रांत कोणता, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात इतक्या वेळा बदलले की ते ध्यानी ठेवणेही कठीण जावे. स्वातंत्र्यापूर्वी तो मध्यप्रांत व वऱ्हाडचा. १९५० नंतर मध्यप्रदेशाचा. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्याचा. आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा. १९५३ साली जबलपूरला राष्ट्रीय क्रीडामेळा भरला, तेव्हा तो अमरावती-अकोल्याच्या मुलांना घरचाच होता. तीन वर्षांनंतर तेच जबलपूर परराज्य झाले. ज्या संघटनेचे पदाधिकारी आपणास ओळखतात तीच मुळी बदलली, की निवडीच्या चाचणीचे पत्र उशिरा पोहोचते, प्रवासखर्चाची मंजुरी अडते, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा एक हंगाम फुकट जातो. त्यातही विदर्भाची स्थिती दुटप्पी राहिली: कबड्डी आणि खो-खो या खेळांत विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्रपणे उतरतो, तर मैदानी खेळांत विदर्भाच्या खेळाडूस महाराष्ट्राच्या संघात जागा मिळवावी लागते, जेथे पुणे, मुंबई, नाशिक आणि सातारा यांच्याशी त्याची गाठ असते. खो-खोतील वऱ्हाडी नावे यादीत सहज दिसतात आणि धावण्यातील दिसत नाहीत, याचे एक कारण या सरकारी-बिनसरकारी सीमांत आहे.

मुंबईचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९५१ साली दिल्लीस पहिले आशियाई खेळ झाले, त्यांत मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० मीटर १०.८ आणि २०० मीटर २२.० सेकंदांत जिंकून दोन सुवर्णपदके मिळविली. रोशन मिस्त्री यांनी महिलांच्या १०० मीटरमध्ये रौप्य, आणि मेरी डिसूझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. पुढच्याच वर्षी मेरी डिसूझा आणि बंगालच्या नीलिमा घोष या हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये धावल्या. नंतरचे दशक मिल्खासिंगांचे. १९५८ च्या कटक येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी २०० व ४०० मीटरचे राष्ट्रीय विक्रम मोडले, त्याच वर्षी टोकियोस दोन आशियाई सुवर्णपदके आणि कार्डिफला ४४० यार्डांचे राष्ट्रकुल सुवर्णपदक मिळविले, आणि १९६० साली रोममध्ये ते चौथे आले. त्या रोमच्या शर्यतीची वेळ हाताच्या घड्याळाने ४५.६ आणि विद्युत्‌यंत्राने ४५.७३ सेकंद अशी दोन्ही प्रकारे नोंदली गेली आहे. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे पिस्तुलाचा धूर पाहून घड्याळ दाबणाऱ्या माणसाच्या अंगठ्याचा विलंब होय. आणि यंत्र येण्यापूर्वीच्या सर्व राष्ट्रीय विक्रमांचा भार अशाच अंगठ्यांवर होता. तीन वेळाधिकारी उभे करावयाचे, तिघांच्या वेळा भिन्न आल्या तर मधली धरावयाची, हा नियम. ते अंगठे शिक्षकांचे होते, प्राध्यापकांचे होते, रजा काढून आलेल्या कारकुनांचे होते. आणि त्यांच्यापैकी कोणाचेही नाव विक्रमाच्या नोंदीत नाही.

१९६१ साली राष्ट्रीय खुल्या मैदानी स्पर्धेची प्रथा सुरू झाली आणि त्याच वर्षी पतियाळास राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. शिक्षक निराळा आणि मार्गदर्शक, ज्याला आज सर्व जण कोच म्हणतात, तो निराळा, हा भेद तेव्हापासून स्पष्ट झाला. अमरावतीने शिक्षकाची बाजू धरली. १९६७ साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले, आणि उन्हाळी वर्गाच्या प्रमाणपत्राची जागा विद्यापीठाच्या पदवीने घेतली. ते प्रथम नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर घरच्या विद्यापीठाकडे आले. हनुमान व्यायाम नगरच्या आवारात आज मणिपूर आणि ईशान्येकडील इतर राज्यांतून आलेली मुले मराठी मुलांबरोबर राहतात व शिकतात. संस्थेच्या विस्तारास आयुष्य वाहणाऱ्या प्रभाकरराव वैद्यांना शारीरिक शिक्षणातील कार्यासाठी २०१२ साली पद्मश्री देण्यात आली, तेव्हा वैद्य घराण्याने आरंभलेल्या या कामास शतक पुरे होण्यास दोनच वर्षे उरली होती.

अकोल्याकडे पाहिले तर हीच कथा दुसऱ्या अंगाने दिसते. अकोला हे व्यापाराचे गाव, मोठे जंक्शन. १९६९ पासून कृषी विद्यापीठाचे ठिकाण. अकोल्याने नाव मिळविले ते मुष्टियुद्धात, आणि शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याच खेळास तेथे बळ दिले. वसंत देसाई क्रीडांगणावर धावणारी मुले आहेत, परंतु विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत चमकणाऱ्या अकोल्याच्या मुलाची पुढची वाट बहुधा बडनेऱ्यावरून अमरावतीस जाते, आणि तेथून ती बी.पी.एड. करून एखाद्या विद्यालयाच्या हजेरीपटावर संपते.

येथे एक अप्रिय मत मांडणे भाग आहे. मैदानी खेळांत महाराष्ट्राला अलीकडे जे मानकरी लाभले, त्यांच्या गावांची नावे पाहावीत. रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील. याच शर्यतीत गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा विक्रम २०१८ च्या भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत मोडणारे आणि २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्यपदक घेणारे अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातील. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळविणाऱ्या कविता राऊत नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील. साबळे तर सैन्यात भरती झाल्यानंतर या शर्यतीकडे वळले. या प्रदेशांत विसाव्या-बाविसाव्या वर्षी धावणे थांबवून स्थिर होण्याची सोय हाताशी नव्हती. धावणे हाच निर्वाहाचा मार्ग होता, मग तो सैन्यातून जावो की रेल्वेतून. वऱ्हाडात मात्र मंडळाच्या कृपेने ती सोय होती. चांगला धावणारा मुलगा पदवी घेई, शिक्षकाची नेमणूक मिळवी, आणि ज्या वयात धावणाऱ्याचे पाय पूर्णतेस येतात त्याच वयात गळ्यात शिट्टी अडकवून मैदानाच्या कडेस उभा राही. आपल्या यशानेच मंडळाने आपल्या विभागाची पदके थोडी केली, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. आणि ज्या समाजात कापसाच्या भावावर लग्ने ठरतात आणि मोडतात, तेथे आई-बापांनी पदकापेक्षा मासिक वेतनास अधिक किंमत दिली, याबद्दल त्यांना बोल लावण्याचेही कारण दिसत नाही.

मंडळाच्या चालकांपुढे या निमित्ताने एक सूचना ठेवावीशी वाटते. शतकाहून अधिक काळात उन्हाळी वर्गांतून आणि महाविद्यालयातून जे विद्यार्थी बाहेर पडले, त्यांची नोंद जिल्हावार व तालुकावार तयार करावी: कोण कोणत्या शाळेत रुजू झाला, किती वर्षे राहिला, त्याच्या हाताखालून राज्य व राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत कोण पोहोचले. काम किचकट आहे; जुने हजेरीपट, परीक्षांचे निकाल आणि शिक्षणखात्याची दप्तरे धुंडाळावी लागतील, आणि पुष्कळशी माहिती आता सेवानिवृत्त शिक्षकांच्या स्मरणातच उरलेली असल्यामुळे ते काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. मेळघाटापासून वाशिमपर्यंतच्या तालुक्यांसाठी दोन-दोन माणसे नेमली, आणि त्यांस प्रवासखर्चापुरती रक्कम मंजूर केली, तर दोन उन्हाळ्यांत ही नोंद पुरी होऊ शकेल.